एका रुमालातले चार बिल्ले

सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावात हे प्रकरण घडलं. माणसांची नावं, गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम, वस्तू आणि झालेल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अशी ट्रंक असलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच घरांत ही ट्रंक पहिल्यांदा नीट उघडली जाते ती एखाद्या सत्काराच्या किंवा वाटणीच्या निमित्तानं, म्हणजे सगळे घाईत असतानाच.

पार्श्वभूमी

आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. 1946 मध्ये नाव कमी होऊन, म्हणजे सैन्यातून मोकळे होऊन, ते परत आले, शेती केली आणि 1987 मध्ये वारले. सैन्यात पंधरा वर्षं भरली नसल्यामुळे त्यांना पेन्शन नव्हती. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. ट्रंकेची किल्ली आजीकडे असे. आजी गेल्यावर ट्रंक माळ्यावर गेली.

मागं तीन नातवंडं. थोरला गावात शेती बघतो, मधली नात पुण्यात शाळेत शिकवते, धाकटा नोकरीसाठी परदेशात आहे. जुलै महिन्यात घराची कौलं उतरवताना ट्रंक खाली आली. आत निघालेल्या वस्तू अशा:

एका चौकड्याच्या रुमालात बांधलेले चार बिल्ले, तीन फितीसकट आणि एक नुसता.

अकरा पत्रं. सात मोडीत, चार बाळबोध लिपीत. बहुतेक जांभळट पेन्सिलीनं लिहिलेली.

मनीऑर्डरची चार कुपनं.

तीन फोटो. एकाच्या मागं इटालियन स्टुडिओचा अर्धा पुसलेला शिक्का.

इटलीत दोस्तांच्या लष्करानं चालवलेल्या चलनातल्या लिऱ्याच्या दोन नोटा.

तळाला नंबर टोचलेला जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) डबा आणि प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट.

अडचण

गावात आणि घरात वर्षानुवर्षं एक गोष्ट पक्की होती: आजोबांना ‘क्रॉस’ मिळाला होता. कुणी विचारलं तर व्हिक्टोरिया क्रॉस असं सांगितलं जाई. ग्रामपंचायतीनं 26 जानेवारीला शाळेच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं होतं आणि मजकूर घरच्यांकडून मागितला होता. हाताशी सहा महिने होते.

त्याच आठवड्यात दुसरा प्रश्न उभा राहिला. बिल्ले चार, नातवंडं तीन. प्रत्येकानं एकेक घ्यावा, चौथा पाटीजवळ काचेत ठेवावा, असं थोरल्यानं सुचवलं. धाकट्याला पत्रं हवी होती. तिकडे नेऊन फ्रेम करतो म्हणाला. वाटणी होण्याआधी बिल्ले चकचकीत दिसावेत म्हणून एक बिल्ला चिंच-मीठ लावून घासूनही झाला होता. मधल्या नातीनं तिथं थांबवलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की आधी हे काय आहे ते कळू दे, मग वाटू.

पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे शक्य झालं. घरातल्या अशा वस्तू सुट्या झाल्या की मुक्या होतात. नंबर डब्यावर असतो, नाव कागदावर, तारीख पत्रावर आणि जागा नोटेवर. चार घरांत गेल्यावर त्यांची सांगड घालणारं कुणी उरत नाही.

काय पर्याय होते

चार पर्यायांवर बोलणं झालं. वाटून घेणं सोपं होतं आणि कुणाचं मन दुखावणारं नव्हतं, पण वर सांगितलेली सांगड त्यात तुटणार होती. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला सगळं देऊन टाकणं हा दुसरा पर्याय. त्यात जपणूक चांगली होते, मात्र साध्या शिपायाच्या घरगुती पत्रांना संग्रहालयात मांडणीची जागा मिळेलच असं नाही, आणि एकदा दिलेली वस्तू परत मागता येत नाही. तिसरा पर्याय विकण्याचा. जुन्या पदकांचा एक व्यापारी घरी येऊन गेला होता आणि त्याला फक्त बिल्ले हवे होते. तो लगेच बाद झाला.

उरला चौथा: सगळं एकाच ठिकाणी, एका जबाबदार माणसाकडे ठेवायचं, प्रत्येकाला पूर्ण डिजिटल प्रत द्यायची आणि पाटीचा मजकूर पुरावा हाती आल्यावरच लिहायचा. हाच घेतला गेला. धाकट्याला पत्रं न देण्याचं एक कायदेशीर कारणही निघालं. 1972 च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक मोल असलेले, 75 वर्षांहून जुने हस्तलिखित कागद पुरावशेष धरले जातात आणि असे कागद खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. युद्धकाळातली पत्रं आता त्या वयाची झाली आहेत. हे कळल्यावर त्यानं हट्ट सोडला आणि स्कॅनरचा खर्च आपणहून उचलला.

केलेली कामं

पहिलं काम होतं त्या जागेवरची नोंद. ट्रंकेतली प्रत्येक वस्तू जशी निघाली तशी, तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवून, मोबाइलनं दोन्ही बाजूंनी टिपली. कुठलं पत्र कुठल्या घडीत होतं, कुठला बिल्ला रुमालाच्या कुठल्या गाठीत होता, हेही वहीत लिहिलं. तेव्हा हे उगीचच वाटलं. नोव्हेंबरमध्ये त्याच नोंदीनं एक कोडं सुटलं.

घासलेल्या बिल्ल्याचं काय करायचं हा तातडीचा प्रश्न होता. चिंचेच्या आंबटानं तांब्याच्या मिश्रधातूवरचा जुना तपकिरी थर जातो. तो परत येत नाही. त्याहून वाईट मीठ. त्यातला क्लोराइड बारीक खाचांत बसतो आणि पावसाळ्यात तिथंच हिरवी भुकटी धरून धातू आतून पोखरत जातो. म्हणून फीत बाजूला काढून बिल्ला डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-दहा मिनिटं पाच वेळा बुडवला, दर वेळी पाणी बदललं, मऊ सुती कापडानं टिपला आणि हेअर ड्रायरच्या थंड हवेवर सुकवला. बाकीच्या तीन बिल्ल्यांना पाणीसुद्धा लावलं नाही. त्यांच्यावरची धूळ मऊ ब्रशनं काढली, एवढंच. फिती धुतल्या नाहीत, इस्त्री केल्या नाहीत. जुन्या फितीचा रंग पाण्यात सुटतो आणि शेजारच्या पट्ट्यात उतरतो. इथं तर पट्ट्यांचे रंग हाच पुरावा होता.

डिस्चार्ज सर्टिफिकेटचं लॅमिनेशन नव्वदच्या दशकात झालं होतं. ते कुणीतरी चांगल्या हेतूनंच केलं होतं, कागद फाटत होता म्हणून. पण गरम चिकट थर कागदाच्या तंतूत शिरतो आणि तो घरी सोडवता येत नाही. सोडवायला गेलं तर शाईच प्लॅस्टिकबरोबर निघते. इथं जांभळ्या शिक्क्याची शाई उष्णतेनं पसरली होती आणि घडीवरच्या फाटीत पलटण-नंबरचे, म्हणजे पलटणीत शिपायाला मिळालेल्या नंबरचे, शेवटचे दोन आकडे गेले होते. तसंच ठेवून फ्लॅटबेड स्कॅनरवर 600 डीपीआयला स्कॅन केलं. मोबाइलनं फोटो घेतला की प्लॅस्टिकवर चमक येते. स्कॅनरवर ती येत नाही.

पत्रांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची सूचना होती ती ओलाव्याची. ती जांभळट पेन्सिल साधी शिसपेन्सिल नव्हे. कॉपिंग पेन्सिलीत रंगद्रव्य मिसळलेलं असतं. कोरडी असताना ती राखाडी दिसते आणि ओल लागली की जांभळी होऊन पसरते. म्हणजे पत्राची घडी सोपी व्हावी म्हणून वाफ दाखवणं किंवा ओल्या कापडानं डाग पुसणं हा तिथं अक्षरांचा शेवट ठरला असता. घड्या हातानं हळू उघडल्या, स्वच्छ काचेखाली दोन दिवस ठेवल्या. गंजलेल्या टाचण्या ओढून न काढता पाठीमागून पाय सरळ करून काढल्या. फिकट अक्षरांसाठी स्कॅन रंगीतच केला आणि मग संगणकावर रंगांचे तीन थर वेगळे करून पाहिले. जांभळी अक्षरं हिरव्या थरात सगळ्यात ठळक उठतात. काळा-पांढरा स्कॅन केला असता तर हे करताच आलं नसतं.

डब्यावरचा नंबर

पलटणीचा नंबर ही सगळ्या कुलपांची किल्ली असते. एकाच नावाची माणसं त्या काळच्या रोलवर (शिपायांच्या यादीत) डझनांनी सापडतात, नंबर मात्र एकाचाच. कागदावरचे शेवटचे दोन आकडे गेलेले. पण आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसा आजोबांनी, किंवा त्यांच्या पलटणीतल्या कुणीतरी, जर्मनच्या डब्याच्या तळाला टोच्यानं ठिपके मारून नंबर घातला होता. वर्षानुवर्षांच्या वापरानं आणि चुलीच्या काजळीनं ठिपके बुजले होते.

डबा घासला नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवी धरून, डबा थोडा थोडा फिरवत आठ दिशांनी फोटो काढले. आडव्या उजेडात खळग्याची एक कड उजळते, दुसरी काळवंडते आणि आकडा वर येतो. त्यानंतर पातळ बटर पेपर तळावर ताणून मऊ पेन्सिल आडवी घासली. दोन्हीतून शेवटून दुसरा आकडा नक्की मिळाला. शेवटचा 3 की 8 हे मात्र ठरेना. थोरल्याचा आग्रह होता की 8 धरावा, कारण फोटोत तसा दिसतो. अशा वेळी एक आकडा निवडून अर्ज करणं ही नेहमीची चूक आहे. चुकीचा निघाला की ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि घरचे तिथंच थांबतात. अर्जात दोन्ही शक्यता लिहिल्या. पुढे 3 बरोबर निघाला.

बिल्ल्यांची ओळख

इथं घरातली गोष्ट कोलमडली. ज्याला ‘क्रॉस’ म्हणत तो सहा टोकांचा पिवळसर तारा होता. मध्ये राजाची मोहोर, कडेच्या वर्तुळात इंग्रजीत ‘द इटली स्टार’. फीत लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, लाल अशी पाच सारख्या पट्ट्यांची, इटलीच्या झेंड्याच्या रंगांची. विटलेला लाल रंग भगवट दिसतो. त्यामुळे घरात ती तिरंग्याची फीत समजली जात होती आणि बिल्ला स्वातंत्र्यानंतर सरकारनं दिलेला, असंही कुणी सांगे. तो बिल्ला 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळात इटलीच्या आघाडीवर असलेल्यांना दिला गेला.

व्हिक्टोरिया क्रॉस ओळखायला अवघड नाही. तो काळपट ब्राँझचा खराच क्रूस असतो, त्यावर सिंह आणि मुकुट, खाली ‘फॉर व्हॅलर’ ही अक्षरं, फीत गडद किरमिजी. वरच्या पट्टीच्या मागं मिळवणाऱ्याचं नाव, तर क्रूसाच्या मागं पराक्रमाची तारीख कोरलेली असते. शिवाय तो कुणाला मिळाला हे लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलं जातं. लपून राहत नाही. त्या युद्धात मराठा पलटणीत तो दोघांनाच मिळाला, दोन्ही इटलीत: नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी, मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी.

बाकीचे तीन असे. 1939–45 स्टार, फीत गडद निळी, लाल, फिकट निळी. वॉर मेडल, गोल आणि रुपेरी, मागं दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. त्याच्या फितीवर ब्राँझचं ओकचं पान असतं तर खलित्यातला (लढाईच्या अहवालातला) गौरवपूर्ण उल्लेख धरता आला असता, म्हणून फीत दोन्ही बाजूंनी टोचल्याच्या खुणांसाठी पाहिली. खूण नव्हती. आणि चौथा, नुसता, बिनफितीचा: मागं हिंदुस्थानचा नकाशा, खाली 1939–45. हे इंडिया सर्व्हिस मेडल.

चौथा बिल्ला बसेना. तो हिंदुस्थानातच तीन वर्षं बिनलढाऊ नोकरी केलेल्यांसाठी होता. डिस्चार्जवरच्या तारखांप्रमाणे आजोबा 1941 च्या सुरुवातीला भरती झाले, 1942 च्या मध्याला बोटीवर चढले आणि युद्ध संपल्यावर परतले. देशात तीन वर्षं भरतच नव्हती.

पत्रांच्या तारखा

मोडी वाचायला साताऱ्यातल्या एका जाणकारांची मदत झाली. त्यांनी पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गात शिक्षण घेतलं होतं. तरी पहिली दोन पत्रं त्यांना जड गेली. दप्तरातली मोडी सरावाची असते, शिपायाची पेन्सिलीतली मोडी तशी नसते. आधी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तिसऱ्या पत्रापासून लिहिणाऱ्याचं वळण ओळखीचं झालं. पत्रं दोन वेगवेगळ्या हातांची निघाली. म्हणजे काही आजोबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतली असावीत.

मजकुरात लढाई जवळपास नाही. पत्रं सेन्सॉर होत, गावांची नावं लिहायची सोय नव्हती. बैलाचं काय झालं, पाऊस पडला का, मनीऑर्डर पोचली का. एका पत्रात मात्र बर्फाचा उल्लेख आहे आणि त्यावर मिती माघ, शके 1865. नातीनं नेहमीच्या हिशेबानं 78 मिळवले आणि जानेवारी 1943 लिहिलं. ते जुळेना, कारण त्याच पत्राच्या घडीत लिऱ्याची एक नोट होती. ती मालिका 1943 सालची, दोस्त फौजा जुलै 1943 मध्ये सिसिलीत उतरल्यानंतर चलनात आलेली.

चूक हिशेबात होती. शक चैत्रात सुरू होतो. चैत्रापासून पौषाच्या मध्यापर्यंत 78 मिळवायचे. इंग्रजी वर्ष बदलल्यावर, म्हणजे उरलेला पौष, माघ आणि फाल्गुनासाठी, 79. माघ 1865 म्हणजे 1944 च्या सुरुवातीचे दिवस. एका आकड्यानं माणूस इराकमधून इटलीत आला.

मग सगळं जुळत गेलं. मोठ्या फोटोत खांद्यावरचं चिन्ह भिंगाखाली क्लोव्हरच्या पानांचं दिसतं. ते 8 व्या भारतीय डिव्हिजनचं. मराठा पलटणीची पहिली बटालियन या डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजन इराक, इराण, सीरिया करत सप्टेंबर 1943 मध्ये इटलीत तारांतोला उतरलं, सांग्रो नदी ओलांडली आणि तो हिवाळा एड्रियाटिकच्या बाजूच्या बर्फाळ डोंगरात काढला. पुढे मे 1944 मध्ये मोंटे कॅसिनोच्या डोंगराखालची गारी नदी, एप्रिल 1945 मध्ये सेनियो. माघातलं ते पत्र त्या डोंगरातून आलेलं आहे. सह्याद्रीच्या माणसानं बर्फाबद्दल घरी एकच ओळ लिहिली होती, आणि पुढच्याच ओळीत बैल विकू नका म्हणून बजावलं होतं.

सरकारी कागद

सप्टेंबरमध्ये बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला. सोबत मृत्यू दाखला, नात्याचा पुरावा, डिस्चार्जची प्रत, नंबर (दोन्ही शक्यतांसह), नावाची तीन इंग्रजी स्पेलिंगं, गाव, पोस्ट, तालुका. जिल्ह्याच्या बाबतीत जपावं लागतं. जुन्या कागदांत कुलाबा असतो तिथं आज रायगड आहे, तेव्हाच्या रत्नागिरीतला सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला, सांगली 1960 पर्यंत दक्षिण सातारा होती. अर्जात तेव्हाचं नाव आधी आणि आजचं नंतर लिहावं.

उत्तर जानेवारीत आलं. पेन्शन नसलेल्या शिपायांचे मूळ सेवापत्रक 25 वर्षांनी नियमानुसार नष्ट होतात, तसे ते झाले होते. लाँग रोल, म्हणजे पलटणीत भरती झालेल्यांची नोंदवही, मात्र राहतो. त्यातला उतारा मिळाला: नंबर, नाव, गाव, भरतीची आणि नाव कमी झाल्याची तारीख. एवढ्यावर नाराज होण्याचं कारण नाही. घरातल्या वस्तूंनी जे जोडलं होतं त्यावर शिक्कामोर्तब करायला तेवढं पुरतं.

बटालियनच्या युद्ध-डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इटलीतल्या तुकड्यांच्या डब्ल्यूओ 170 या मालिकेत. त्या मागवायच्या का यावर बोलणं झालं. अशा डायरीत अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायाचं नाव क्वचितच येतं. आजोबांच्या ठावठिकाण्यात आणखी भर पडणार नव्हती, म्हणून ते पुढे ठेवलं. हा निर्णय योग्य होता.

आत्याआजी

आजोबांची धाकटी बहीण पलीकडच्या गावात होती, वय नव्वदीच्या पुढं. तिला भेटायचं दिवाळीवर ढकललं गेलं होतं, आधी कागद जमू देत म्हणून. भाऊबीजेला तिघांतले दोघं गेले. तिच्यासमोर रुमाल ठेवला आणि चार बिल्ले एकेक करून तिच्या तळहातावर दिले. नकाशाचा बिल्ला हातात येताच तिनं तो बाजूला काढला. “ह्यो दादाचा न्हाय. ह्यो आमच्या चुलत भावाचा. त्यो देवळालीलाच व्हता, समुद्र नाय वलांडला त्यानं.” गावच्या कुठल्याशा मिरवणुकीत दोघा भावांनी बिल्ले लावले होते, परतल्यावर एकाच रुमालात बांधले गेले ते तसेच राहिले.

वहीतली नोंद पाहिली. रुमालाला दोन गाठी होत्या. तीन बिल्ले एका गाठीत, नकाशाचा दुसरीत.

ती पुढं जात्यावरची ओवी म्हणू लागली, भाऊ बोटीत बसून गेला त्याबद्दलची, घरात दळताना तिची आई म्हणायची ती. मोबाइल चालू होता, पण वर पंखा फिरत होता, बाहेर फटाके आणि देवळाचा कर्णा. ओवीचे दोन चरण लागतात, तिसरा लागत नाही. मार्गशीर्षात ती गेली.

निकाल

26 जानेवारीची पाटी लागली नाही. ग्रामपंचायतीला मजकूर वेळेत देता आला असता, फक्त ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ गाळून ‘शूरवीर’ घालावं अशी सूचनाही होती. घरच्यांनी थांबायचं ठरवलं. थोरल्याला ते जड गेलं. गावात त्यानंच ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली होती. शेवटी त्यानंच ग्रामसभेत उभं राहून तारा आणि क्रॉस यांतला फरक सांगितला आणि पाटी 1 मे रोजी लागली. तिच्यावर नाव, नंबर, मराठा लाइट इन्फंट्री, 1941 ते 1946, इराक, इराण, सीरिया, इटली, आणि तीन पदकांची नावं आहेत. विशेषण एकही नाही.

नकाशाचा बिल्ला चुलतघरी परत गेला. त्यांच्याकडे आजोबांच्या त्या चुलत भावाचा एकही फोटो नव्हता. आपल्या ट्रंकेतला तिसरा फोटो त्यांचाच निघाला, तोही स्कॅन करून दिला.

वस्तू आता नातीकडे आहेत. कागद एका पुठ्ठ्याच्या पेटीत, आम्लरहित कागदात, घड्या न घालता. फोटोंसाठी पॉलिएस्टरची पाकिटं. बाजारातल्या पीव्हीसीच्या पाकिटांना वास येतो, तोच वायू फोटोला खातो. बिल्ले वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, आणि जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत. सिलिका कागदांच्या पेटीत घातलेलं नाही, फार कोरड्या हवेत जुना कागद तडकतो. डांबरगोळ्या कुठंच नाहीत. प्रत्येक फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नाव आणि साल. स्कॅनच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग वस्तू, म्हणजे यादी आपोआप काळाप्रमाणे लागते.

वेगळं काय करता आलं असतं

दोन गोष्टी उलट्या क्रमानं झाल्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नात मार्चमध्ये गेली, खरं तर तिथं ऑगस्टमध्येच जायला हवं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांच्या विधवांना राज्याकडून मानधन मिळतं. आजी ते घेत होती, म्हणजे तिची फाइल तिथं असणारच होती. फाइलमध्ये डिस्चार्जची लॅमिनेशनच्या आधीची झेरॉक्स निघाली. तिच्यावर नंबर पूर्ण होता, शेवटी 3. डब्याशी केलेली आठवडाभराची झटापट वाचली असती. निदान रेकॉर्ड ऑफिसच्या अर्जात दोन आकडे लिहावे लागले नसते.

दुसरी गोष्ट वाचवता येणारी होती आणि वाचली नाही. कागद थांबतात; रेकॉर्ड ऑफिसची नोंद दहा वर्षांनीही तीच निघाली असती. नव्वदीतल्या माणसाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात भेटायला हवं होतं, हातात काहीही न ठरवता, नुसत्या वस्तू घेऊन. पंखा बंद करून, खिडक्या लावून, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून तिच्यापासून हातभर अंतरावर घडी घातलेल्या कापडावर ठेवून. वीस वीस मिनिटांच्या तीन-चार बैठका, एकाच दिवशी नाही. प्रश्न एकेका वस्तूवर, ‘लढाईबद्दल सांगा’ असा नाही.

ओवीचा तिसरा चरण शोधण्यासाठी नात आता त्या गावातल्या दळणाच्या वयाच्या बायकांकडे जाते आहे. दोघींना पहिले दोन चरण येतात. पुढचा प्रत्येकीचा वेगळा आहे.